आल्प्सच्या सीमेचा 1758 चा नकाशा: रेघ कोरलेली आहे की रंगवलेली, ते आधी बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही ग्रनोब्लला नोकरीला आहात, लवकरच पुण्याला परतणार आहात. तिथल्या जुन्या बाजारात तुम्हाला कापडावर चिकटवलेला, घडी होणारा एक छापील नकाशा मिळाला. फ्रान्स आणि इटलीमधल्या आल्प्सचा, ब्रियांसों ते सुझा हा पट्टा. त्यावर शीर्षक नाही, साल नाही, कोणाचं नाव नाही. विकणारा म्हणाला, नेपोलियनच्या फौजेतला आहे. त्यावरची गुलाबी सीमा फोनवरच्या सीमेशी जुळत नाही, आज इटलीत असलेली ऊल्क्सची आख्खी दरी फ्रान्समध्ये दाखवते. त्यावरून तुमच्या ऑफिसात एक फ्रेंच आणि एक इटालियन सहकारी जुंपले. नकाशा खरा आहे का, कधीचा आहे, कोणाची सीमा बरोबर, आणि पुण्याला आणून लॅमिनेट करून भिंतीवर लावू का, असं तुम्ही विचारलंय.

लॅमिनेट करू नका. एवढं आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश.

शीर्षक नसल्यामुळे तुम्ही बिचकलात, पण ओळख पटायला तीच पहिली मदत होते. एका पानाच्या, दुकानात विकायला काढलेल्या नकाशावर शीर्षक असतंच, तेही वेलबुट्टी, ढाली आणि देवदूतांच्या चौकटीत, कारण गिऱ्हाईक त्यावर भाळतं. अनेक पानांच्या मोठ्या नकाशात मात्र शीर्षक सहसा एखाद्याच पानावर येतं आणि बाकीची पानं मुकी असतात. तुमचं पान अशा संचातून सुटलेलं आहे. चारही कडांना रस्ते आणि ओढे चौकटीला टेकून तसेच तुटलेत, ते पुढच्या पानावर चालू राहतात.

आता या डोंगरांचे, अठराव्या शतकातले, इतक्या बारकाईचे फ्रेंच छापील नकाशे दोनच. एक कासिनी घराण्याचा सगळ्या फ्रान्सचा नकाशा. दुसरा, वरच्या दोफिने प्रांताचा आणि पलीकडच्या सीमाभागाचा, प्येर-जोसेफ द बूर्से यांच्या देखरेखीखाली 1749 ते 1754 या काळात लष्करी भूगोल-अभियंत्यांनी मोजलेला, विलारे नावाच्या कप्तानाने जुळवून काढलेला आणि 1758 मध्ये नऊ पानांत कोरून छापलेला. दोन्हींचं प्रमाण एकच, 1:86,400. हा आकडा विचित्र वाटतो, पण जुन्या फ्रेंच मापात तो सरळ बसतो. एका तवाजमध्ये 864 लीन्य. म्हणजे कागदावरची एक लीन्य ही जमिनीवरच्या 100 तवाजची झाली.

मग तुमचं पान कोणत्या संचातलं? कासिनीच्या सीमेवरच्या पानांत फ्रान्सची हद्द संपली की कागद जवळजवळ कोरा राहतो. परक्याची जमीन मोजायचं ते कामच नव्हतं. तुमच्या पानावर सुझाच्या बाजूलाही वाड्या, पूल, खिंडीतल्या पायवाटा, नदीचे फाटे सगळं ठासून भरलंय. पलीकडचा मुलूख इतका भरलेला असेल तर तो बूर्सेचा नकाशा. माझं मत पक्कं आहे, तरी खातरजमा तुम्हीच करा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर जुन्या नकाशांच्या प्रती बघायला मिळतात. तिथे बूर्सेची पानं काढून एखादी दरी गावागणिक ताडून बघा.

अस्सल की नक्कल, याची पहिली चाचणी पट्टीने होते. ब्रियांसोंच्या तटबंदीच्या गावापासून मोंजनेव्र गावापर्यंत हवाई अंतर साधारण 7 किलोमीटर. या प्रमाणात ते कागदावर 8 सेंटीमीटरच्या आसपास यायला हवं. पावणेसात किंवा साडेनऊ आलं, तर ती लहानमोठी केलेली फोटो-नक्कल. मिलिमीटरचा हिशेब मात्र धरू नका. हा कागद ओला करून यंत्राखाली दाबत आणि वाळताना तो आखडे, त्यात तुमचा नंतर खळीने कापडावर ताणलेला आहे.

दुसरी चाचणी भिंगाची. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग चालेल. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघेत शाई खोबणीतून वर उचलली जाते, म्हणून ती कागदावर किंचित उभारलेली असते. हात चोरट्यासारखा फिरवला, तर (कोरड्या, स्वच्छ बोटाने, एकदाच) मोठ्या अक्षरांवर ती जाणवते. शिळाछापात रेघ सपाट बसते. आधुनिक नकलेत भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते आणि प्रश्न तिथेच मिटतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत डोंगराच्या सावलीच्या बाजूच्या रेघा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला केसासारख्या निमुळत्या झाल्यात. कोरणीवरचा जोर हळूहळू कमी केला की अशी रेघ उमटते. सावल्याही एका दिशेला पडल्यात, उजेड डावीकडून आल्यासारख्या. जुन्या नकाशांत डोंगर म्हणजे ओळीने मांडलेल्या ढेकळांच्या राशी असायच्या. हा डोंगर नुसता काढलेला नाही, त्याची सोंड कुठे उतरते आणि दरी कुठे वळते हे दाखवलंय. तोफा कुठून न्यायच्या हे ठरवणाऱ्या माणसाला ते हवं होतं. उंचीचे आकडे मात्र कुठेही सापडणार नाहीत. याच प्रदेशातलं बार द एक्रँ हे शिखर 4,102 मीटरचं, 1860 मध्ये साव्हॉय हा शेजारचा प्रांत फ्रान्सला मिळेपर्यंत फ्रान्सच्या हद्दीतलं सर्वांत उंच. पण नकाशा छापला तेव्हा कोणाला ते ठाऊक नव्हतं.

तिसरी गोष्ट कागद. त्या काळचा कागद तारांच्या साच्यात हाताने उचललेला असे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून तिरप्या उजेडात बघा. साधारण बोटभर अंतराने समांतर रेषा आणि त्यांच्या काटकोनात खूप बारीक, दाट रेषा दिसायला हव्यात. तुमच्या बाबतीत घोटाळा असा की मागच्या कापडाची वीणही तिरप्या उजेडात उठून दिसते. वीण दोन्ही दिशांना सारखी दाट असते, साच्याच्या रेषा तशा नसतात. त्यावरून फरक करा. कापडामुळे जलचिन्ह दिसण्याची आशा कमी. दिसलंच आणि त्यात 1742 हा आकडा असला, तर नकाशा 1742 चा म्हणून हुरळून जाऊ नका. फ्रान्समध्ये 1741 च्या हुकुमाने कागदवाल्यांना साच्यात साल घालायला सांगितलं. हुकुमात 1742 चा उल्लेख होता. कित्येकांनी तोच आकडा साच्यात बसवला आणि पुढे कित्येक वर्षं तसाच ठेवला. त्यामुळे पुढच्या दशकांतल्या फ्रेंच कागदातही 1742 भेटतं. सरकारी परिपत्रक शब्दशः पाळलं की काय होतं, त्याचा हा नमुना.

पत्र्यावर कोरणी कधी झाली आणि तुमचा कागद कधी छापला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तांब्याचा पत्रा जपून ठेवला तर पन्नास वर्षांनीही त्यावरून प्रत काढता येते. पत्र्यावरचे किल्ले पत्र्याचं वय सांगतात, प्रतीचं नाही. उदाहरणार्थ सुझाच्या माथ्यावरचा ब्रुनेता किल्ला. 1796 च्या तहानंतर फ्रेंचांनी तो पाडायला लावला, तरी जुन्या पत्र्यावरून नंतर काढलेल्या प्रतीत तो उभाच दिसणार. प्रतीचं वय बघायचं तर रेघांची झीज बघा. तुमच्या फोटोंत बारीक रेघा काळ्या आणि सलग आहेत, कुठे धुरकट झालेल्या नाहीत. सुरुवातीच्या प्रतींपैकी असावी असं मला वाटतं. नेपोलियनचं म्हणाल, तर तो 1769 मध्ये जन्मला, म्हणजे हा पत्रा कोरल्यानंतर 11 वर्षांनी. त्याच्या काळातल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या खोगिरातल्या पिशवीतून हा नकाशा फिरला असेल, हे शक्य आहे. कापून, फटी ठेवून कापडावर चिकटवणं हे घोड्यावरच्या वापरासाठीच असे. पण बाजारात असा प्रत्येक नकाशा नेपोलियनचाच असतो. त्यासाठी जास्तीचे पैसे दिले असतील, तर ते गोष्टीचे दिलेत असं समजा.

आता भांडणाकडे येऊ.

तुमच्या नकाशावर एक नाही, दोन सीमा आहेत. तुम्ही फक्त गुलाबी पाहिलीत. तिच्याखाली नाही, तर तिच्यापासून बरीच पश्चिमेला, मोंजनेव्रच्या खिंडीजवळून जाणारी बारीक ठिपक्यांची रेघ आहे. पहिल्या फोटोत ती दिसते, नीट मोठा करून बघा. ठिपके पत्र्यावर कोरलेले आहेत, म्हणजे ते नकाशा करणाऱ्यांचं म्हणणं. गुलाबी आणि हिरवा रंग कुंचल्याने हाताने भरलेला आहे. तो छापखान्याशेजारच्या रंगाऱ्याने भरलेला असू शकतो, दुकानदाराने, पहिल्या मालकाने, किंवा शंभर वर्षांनंतरच्या एखाद्या हौशी माणसाने. जुन्या नकाशावरची सीमा वाचताना मी पहिल्यांदा हेच बघतो की रेघ तांब्यातून आलीय की कुंचल्यातून. कुंचल्याच्या रेघेवर देशांचा वाद घालणं म्हणजे घराच्या वाटणीत सातबारा सोडून भिंतीच्या रंगावरून भांडण्यासारखं आहे.

आणि तुमच्या बाबतीत रंगाने स्वतःच कबुली दिलीय. चौथ्या फोटोत घडीच्या फटीकडे बघा. कागदाच्या दोन तुकड्यांमध्ये जिथे नुसतं कापड उघडं आहे, तिथे गुलाबी रंग कापडावर उतरलाय. म्हणजे आधी नकाशा कापला, कापडावर चिकटवला, आणि मग कोणी तरी त्यावर सीमा ओढली. ठिपक्यांवर तसं काही नाही. ते फटीशी तुटतात आणि पलीकडे बरोबर जुळतात.

मग ठिपके तिथेच का? यासाठी 11 एप्रिल 1713 च्या उत्रेख्तच्या तहाकडे जावं लागतं. त्याआधी आल्प्सच्या या भागात सीमा शिखरांवरून जात नव्हती. दोफिने प्रांत डोंगर ओलांडून पूर्वेला उतरत असे. ऊल्क्स, चेझाना, बार्दोनेकिया, प्राजेलातोची दरी आणि दक्षिणेला कास्तेलदेल्फिनो हा सगळा पूर्वेकडचा मुलूख फ्रान्सचा होता, तर पश्चिमेला बार्सेलोनेतची दरी साव्हॉयच्या ड्यूककडे, म्हणजे डोंगरापलीकडच्या पिडमाँटवरही राज्य करणाऱ्या घराण्याकडे. तहात अदलाबदल झाली. पूर्वेच्या दऱ्या, एग्झिल आणि फेनेस्त्रेल्ले हे किल्ले साव्हॉयला गेले, बार्सेलोनेत फ्रान्सला मिळालं. सूत्र ठरलं ते पाण्याचं: जिथून पाणी पिडमाँटकडे उतरतं ते साव्हॉयचं, जिथून दोफिने आणि प्रोव्हान्सकडे उतरतं ते फ्रान्सचं. आपल्याकडे घाटमाथ्यावरून देश आणि कोकणातल्या जिल्ह्यांची हद्द जाते, तसंच.

मोंजनेव्र हे या सूत्राचं जवळजवळ शाळेत शिकवावं असं उदाहरण. खिंडीच्या आसपास दुरांस आणि दोरा या दोन नद्यांचे उगम आहेत. दुरांस ऱ्होन नदीला मिळून भूमध्य समुद्रात जाते, दोरा पो नदीतून एड्रिआटिकला. या दोन बहिणी खिंडीवर एकमेकींचा निरोप घेतात, एक प्रोव्हान्सची नासाडी करायला जाते आणि दुसरी पिडमाँट पिकवायला, अशी तिकडची जुनी लोकोक्ती आहे. दुरांसच्या पुरांनी पोळलेल्या माणसाची ती असावी. पण खिंडीचा माथा सपाट आहे आणि सपाट जागी पाणी कुठे उतरतं हे डोळ्यांना सहज कळत नाही. अशा ठिकाणी तहाची भाषा कितीही स्पष्ट असली तरी मोजणीदार लागतोच.

या सूत्राला नैसर्गिक सीमा म्हणायची पद्धत आहे. माझं मत विचाराल तर त्यात निसर्ग कमी आणि तोफखाना जास्त होता. डोंगराच्या माथ्यावर बसलेल्याला दोन्हीकडच्या दऱ्या मारता येतात, म्हणून शत्रूला आपल्या बाजूच्या उतारावर पाय ठेवू द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथल्या माणसांच्या लेखी शिखरं ही हद्द नव्हतीच. 1343 मध्ये दोफिनेचा शेवटचा स्वतंत्र सत्ताधीश दुसरा हंबर्ट याने या डोंगरी गावांना पैशाच्या बदल्यात सनद दिली होती. ब्रियांसों, केरास, ऊल्क्स, प्राजेलातो आणि कास्तेलदेल्फिनो असे पाच गट, त्यांना एस्कार्तों म्हणत. सरकारी करांची वाटणी गावं आपसांत ठरवत, सभा भरवत, खिंडीतून ये-जा करत. जवळपास पावणेचारशे वर्षं डोंगराच्या दोन्ही अंगांना एकच व्यवहार चालला. 1713 ला पाचांपैकी तीन गट पलीकडे गेले. तुमच्या पानावर ठिपक्यांच्या पूर्वेलाही गावांची नावं फ्रेंच वळणाची आहेत, ती त्यामुळेच. ती नावं म्हणजे फ्रान्सचा दावा नाही, तिथे लोक तसंच म्हणत. उलट दिशेनेही हा खेळ झाला. फासिस्ट राजवटीत ऊल्क्सचं उल्त्सिओ केलं होतं, युद्धानंतर जुनं नाव परत आलं.

बूर्से हा माणूसही या गोष्टीच्या आतलाच. तो 1700 मध्ये उसो या गावी जन्मला. हे गाव प्राजेलातोच्याच दरीत, फेनेस्त्रेल्लेच्या वरच्या अंगाला. म्हणजे तो 13 वर्षांचा असताना त्याचं जन्मगाव परक्या राजाच्या हद्दीत गेलं, आणि पुढे त्याने आयुष्यभर फ्रान्ससाठी याच डोंगरातल्या लढायांचा अभ्यास केला. 19 जुलै 1747 रोजी असिएताच्या कड्यावर फ्रेंच फौजेचा दारुण पराभव झाला, सेनापती शव्हालिए द बेल-इल स्वतः मारला गेला. असिएता म्हणजे दोरा आणि प्राजेलातो या दोन दऱ्यांमधली धार. तुमच्या पानाचा पूर्वेकडचा भाग तपासा, तिचं नाव सापडेल असं वाटतं. 1748 मध्ये तह झाला आणि 1749 मध्ये मोजणी सुरू झाली. नकाशाच्या नावातच पलीकडचा सीमाभाग आहे. पुढची लढाई लागलीच तर पलीकडच्या दरीतला कोणता पूल तोफ पेलेल आणि कोणत्या वाटेने खेचर जाईल, हे हातात हवं होतं.

त्यामुळे या नकाशात सीमारेषा हाच सर्वांत कमी कष्टाचा भाग आहे. वाटा, पूल, गिरण्या, कुरणातल्या झोपड्या मेहनतीने मोजल्यात, आणि मधून ठिपके जातात. खरी आखणी नंतर झाली. 24 मार्च 1760 च्या तोरिनोच्या तहात दोन्ही दरबारांनी हद्द नव्याने ठरवली. त्यासाठी फ्रान्सकडून काम बघणाऱ्यांत बूर्सेच होता. मग एका अंगाला फ्रान्सचं लिलीचं फूल आणि दुसऱ्या अंगाला साव्हॉयचा क्रूस कोरलेले दगड जमिनीत रोवले गेले. मोठे बदल उत्तरेला, ऱ्होन आणि गिए नद्यांच्या बाजूला झाले. तुमच्या पानावरच्या उंच डोंगरात 1713 चं पाण्याचं सूत्र कायम राहिलं. संचातली उत्तरेकडची पानं कधी हाती लागली, तर तिथली हद्द 1760 च्या आधीची आहे हे लक्षात ठेवून वाचा.

किल्ल्यांवरून हा बदल फार छान वाचता येतो, जमलं तर प्रत्यक्ष जाऊन या. फ्रान्सकडे असताना फेनेस्त्रेल्लेला फ्रेंचांनी बांधलेला म्युताँ किल्ला पिडमाँटकडून येणाऱ्याला अडवायला होता. 1713 नंतर साव्हॉयने समोरच्या उतारावर, 1728 पासून, इग्नाझिओ बेर्तोलाच्या आराखड्याने नवा प्रचंड किल्ला बांधायला घेतला, तो फ्रान्सकडून येणाऱ्याला अडवण्यासाठी. एग्झिलचाही मोहरा असाच फिरवला गेला. इकडे फ्रान्सच्या हातून पुढची दरी गेल्यावर ब्रियांसों एकदम सीमेवरचं गाव झालं. मग तिथे समोरच्या टेकडीवर नवे किल्ले आणि दरीवर आस्फेल्ड पूल उभा राहिला. तुमच्या पानावर ब्रियांसोंच्या पूर्वेला तटबंदीचे तारेसारखे आकार दिसतात, ते त्याच पुढच्या बांधकामाचे.

आता तिसरी सीमा, फोनवरची. तुमचे ठिपके आणि फोन बहुतेक ठिकाणी जुळतील आणि मोजक्या जागी अडखळतील. 1947 च्या पॅरिस तहात इटलीने फ्रान्सला काही तुकडे दिले. त्यातले शाबेर्तों शिखर, बार्दोनेकियाच्या वरची अरुंद दरी आणि मों सनीचं पठार हे या भागातले. शाबेर्तों 3,131 मीटरचं. त्याच्या माथ्यावर इटलीचा तोफखाना होता आणि जून 1940 मध्ये फ्रेंचांनी खालून डागलेल्या 280 मिलिमीटरच्या उखळी तोफांनी तो निकामी केला. अरुंद दरीचं पाणी आजही बार्दोनेकियाकडे, म्हणजे इटलीत उतरतं, पण जमीन फ्रान्सची. 1713 चं सूत्र तिथे सरळ मोडलंय.

म्हणजे तुमच्या इटालियन सहकाऱ्याचं म्हणणं ठिपक्यांपुरतं बरोबर, नकाशा छापला तेव्हा ऊल्क्स साव्हॉयच्या घराण्याकडे होतं. फ्रेंच सहकाऱ्याचं म्हणणं 1713 च्या आधीपुरतं बरोबर. आणि गुलाबी रेघ ओढणाऱ्याच्या मनात काय होतं? ती बऱ्यापैकी जुन्या दोफिनेच्या पूर्व हद्दीवरून जाते, म्हणून मला वाटतं एखाद्या इतिहासप्रेमी मालकाने जुना प्रांत दाखवण्यासाठी ती ओढली असावी. फौजी माणूस असा रंग भरत नाही, त्याला खिंड कोणाच्या ताब्यात आहे ते हवं असतं, प्रांताची आठवण नको असते. हा अंदाज आहे, पण मी पैज लावायला तयार आहे.

हिरव्या रंगाकडे मात्र वेगळ्या कारणासाठी लक्ष द्या. जुना हिरवा बऱ्याचदा जंगालाचा असे, म्हणजे तांब्यावर आम्लाची वाफ देऊन खरवडलेला. जंगाल कागद खातो. आधी तपकिरी होतो, मग चिरतो, आणि शेवटी रेघेच्या जागी फट पडते. कागदाची मागची बाजू तुम्हाला दिसत नाही, पण कापडाच्या पाठीवर हिरव्या रेघेबरोबर तपकिरी सावली उमटलीय का बघा. उमटली असेल तर रंग जुना आणि जंगालाचा असण्याची शक्यता फार. मग तो भाग उघडताना घडी मोडू नका आणि तिथे पाण्याचा थेंबही लावू नका. सावली नसेल तर चिंता कमी.

पुण्यात ठेवायचं म्हणालात. आल्प्सच्या पायथ्याच्या कोरड्या घरातून निघून हा नकाशा जून-जुलैत पुण्याला पोचला, तर पहिल्याच पावसाळ्यात कापड आणि कागद वेगवेगळ्या प्रमाणात फुगतील आणि कडा सुटायला लागतील. शक्य असेल तर दिवाळीनंतर आणा. कापड काढायच्या भानगडीत पडू नका. ते नकाशाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि आत्ताच पाहिलंत, त्या कापडानेच रंगाची चोरी पकडून दिली. नवा केल्यासारखा दिसावा म्हणून कापड काढून, ब्लीच करून, प्लायवर चिकटवून देणारी मंडळी प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्यापासून लांब राहा.

सुटलेल्या कडा बसवायच्या तर गव्हाच्या शुद्ध स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यू, तेही हे काम रोज करणाऱ्याकडून. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप तर मुळीच नाही. आपल्याकडच्या जुन्या बाइंडरांची खळीत मोरचूद घालायची पद्धत होती, कसर लागू नये म्हणून. कसर लागत नसे हे खरं, पण मोरचूद म्हणजे तांबंच, आणि जंगालाचं वर सांगितलंय. लॅमिनेशनमध्ये उष्णता, दाब आणि प्लास्टिकचा डिंक एकदम आत जातो. तो पुन्हा काढता येत नाही, आणि जुन्या कागदावर जे परत काढता येत नाही ते करायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

भिंतीवर लावायचाच असेल तर मूळ नकाशा नको, चांगला स्कॅन करून त्याची प्रत लावा. मूळ नकाशा आडवा, आम्लविरहित जाड कागदाच्या फोल्डरमध्ये, लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, पावसाळ्यात ती भिंत पाणी ओढते. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ ठेवू नका. महिन्या-दोन महिन्यांतून उघडून बघितलं की कसर आणि बुरशी दोन्ही वेळेत कळतात. माणसाचं लक्ष हे सगळ्या औषधांपेक्षा स्वस्त पडतं. मूळच फ्रेम करायचा हट्ट असेल तर अतिनील किरण अडवणारी काच किंवा ऍक्रिलिक, काच आणि कागद यांच्यात अंतर, आणि उन्हाच्या खिडकीसमोरची जागा टाळा. गुलाबी सर्वांत आधी उडतो.

किमतीबद्दल: नऊ पानांचा पूर्ण संच आणि सुटं पान यांच्या किमतीत नऊपटीहून बराच जास्त फरक पडतो. तुमच्या पानाला ब्रियांसों आणि खिंडीमुळे स्थानिक गिऱ्हाईक आहे, पण नंतरची रंगवलेली सीमा किंमत थोडी खाली ओढते. विमा काढायचा असेल तर लिलावांत प्रत्यक्ष किती रक्कम आली ते बघा, दुकानाच्या पाटीवरचा भाव बघू नका.

नेण्याबद्दल शेवटचं. युरोपीय संघाच्या नियमांत 200 वर्षांहून जुन्या छापील नकाशांसाठी निर्यात परवान्याची अट 15,000 युरोच्या वरच्या किमतीला लागते. तुमचं सुटं पान तिथपर्यंत जाणार नाही, तरी फ्रान्सचे स्वतःचे नियम निघण्याआधी एकदा बघून घ्या. विकणाऱ्याकडून पावती घ्या, बाजारातल्या माणसाने हाताने लिहिलेली चालेल, पण तीत वस्तूचं वर्णन, किंमत आणि तारीख हवी. भारतात उतरल्यावरचे कस्टमचे कागद त्याच फोल्डरजवळ, पण वेगळ्या पाकिटात ठेवा. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 100 वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. उद्या तुम्ही पुन्हा परदेशी गेलात आणि नकाशा बरोबर न्यायचा म्हणालात, तर तो बाहेरून आणलेला आहे हे दाखवायला तेच कागद कामी येतील. विमानात नळीत गुंडाळून नेऊ नका, कापडावरचे तुकडे गुंडाळीत कडेला उचलले जातात. तो ज्या घड्यांसाठी कापलाय त्याच घड्या घाला, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा आणि हातातल्या बॅगेत न्या.

निघण्याआधी खिंडीजवळच्या ठिपक्यांचे भिंगातून जवळून फोटो काढून ठेवा. पुण्यात त्या दोघा सहकाऱ्यांपैकी कोणाचा फोन आला तर उपयोगी पडतील.